पाणी न ओळखणारी गुरं

रात्रभर पुरुष-समुद्राकडून वारा सुटला होता, तो पहाटे पडला. तिमोर बेटावरच्या ओएफातू गावाला समुद्र दोन. दक्षिणेला कड्याखाली धडका मारतो तो पुरुष, आणि डोंगरापल्याड, कुपांग शहराच्या अंगाला, गुमान पडून असते ती बाई. वारा पडला की पुरुषाचं घोरणं तेवढं ऐकू येतं. पावसाळा अजून लांब होता. जमीन विटेसारखी भाजून निघाली होती आणि त्या भाजलेल्या उतारावर सुबाभळीचं रान मात्र कुणी हिरवं घोंगडं वाळत टाकावं तसं पसरलेलं. नाहोर रुनेसी उजाडायच्या आत त्यात शिरला होता. कोयत्याचा टोला, फांदी खाली. टोला, फांदी खाली. बांबूच्या दोन्ही टोकांना भारे लटकवून तो गोठ्याशी आला, तेव्हा त्याच्या बायकोनं, दोर्कसनं, केळीचं खोड ओढत आणून टाकलं होतं.

नाहोर उकिडवा बसला आणि खोडाच्या चकत्या पाडायला लागला. पांढऱ्या, जाळीदार, नुसत्या दाबल्या तरी मनगटावर पाणी ओघळेल अशा. अमारासीच्या या डोंगरात गुरांचं पाणी ते हेच. विहीर खाली दरीत. तिथलं पाणी बायका चढण चढून आणतात, त्यावर मका शिजतो, म्हातारी माणसं पाय धुतात. ते कुणी गुरापुढं ओतलं तर शेजारी विचारतील, घरात लग्न निघालंय का. पाणी माणसाचं, केळ गुराचं, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही.

चकत्यांचा वास येताच गोठ्यातल्या खोंडानं मान बाहेर काढली. अंगानं काळाभोर आणि चारी पायांत पांढरे मोजे, म्हणून दोर्कसनं त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं. गावच्या खऱ्या पाद्रीसाहेबांना हे ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्यासारखं दाखवायची त्यांची रीत होती.

"आज जानार न्हवं त्यो," दोर्कस म्हणाली. "पोटभर घाला. वाटंत मिळंल, न मिळंल."

"सरकारी जहाज हाय. वाटंत नळाचं पानी हाय."

"खोंडाला नळ?"

"व्हय. आपल्या मेतूनं फोनवर सोताच्या डोळ्यानं बगितलंया. जनावरानं नाकानं दाबायचं, की वाडगं भरतं."

दोर्कसनं पाठीवरचा, रोज घागरीखाली वाकणारा मणका दोन्ही हातांनी दाबला. "मग मलाबी न्या की, येरमीच्या बापा. मी खोंड हुते."

नाहोर हसला. ती पुन्हा म्हणाली, "आन खोडं न्यायची न्हाईत? चार-सा टाकली असती गाडीत."

"जितं नळ हाय तितं केळ कोन नेतंय? बंदरातली मान्सं हसतील."

दोर्कसनं उरलेलं खोड त्याच्याकडं सरकवलं. पाणी असलेल्या जागी काय न्यावं आणि काय नेऊ नये, हे तिलाही कुठं माहीत होतं.

नाहोरचं सगळं आयुष्य गुरं भरण्यात गेलं. वाळकं वासरू आणायचं, एका खुंट्याला बांधायचं, आणि सुबाभूळ आणि केळ घालून घालून त्याचा असा खोंड करायचा की पाठीवर अंडं ठेवलं तर घरंगळू नये. शेण बघून तो सांगायचा की जनावरानं काल काय मनाविरुद्ध खाल्लं. माणसांत मात्र तो अबोल. चर्चमध्ये मागच्या बाकावर, पंचायतीत भिंतीशी. गाव त्याला म्हणायचं, नाहोरला बोलायला शिंगवाला लागतो.

त्याचा बाप सिमसोन हा एके काळी तेनाऊच्या बंदरापर्यंत गुरं नेणारा माणूस. त्या काळी गुरं साध्या मालजहाजातून जायची आणि क्रेननं चढवायची, शिंगांना दोर बांधून. नाहोरला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. बापाचा खोंड त्याच्या देखत हवेत गेला. चार पाय लोंबताहेत, मान ताणलेली, डोळ्यांची बुबुळं वर गेलेली, आणि तो ओरडला नाही. ते न ओरडणंच सिमसोनच्या छातीत रुतून बसलं. घरी आला तो पुन्हा म्हणून बंदरावर गेला नाही, आणि गावातल्या दुसऱ्या कुणाला जायचा धीर झाला नाही. मग व्यापारी गोठ्याच्या तोंडाशी यायला लागले. खोंडाच्या पुठ्ठ्यावर एक थाप मारायची आणि म्हणेल तो भाव. काट्यावर चढलेलं जनावर ओएफातूत कुणी बघितलं नव्हतं.

मग सरकारनं गुरांसाठी जहाज बांधलं. पशुखात्याचा माणूस चिंचेखाली सभा घेऊन सांगायला आला, की शेतकऱ्यांच्या गटानं आपली गुरं आपण थेट जाकार्ताला पाठवावीत. भाड्यातला मोठा वाटा सरकार सोसेल. तिकडं काट्यावर वजन होईल आणि वजनावर भाव. फक्त गटानं आपला एक माणूस गुरांसोबत द्यायचा.

"गुरांस्नी जहाज," मागून कुणी तरी म्हणालं. "आन मान्सांस्नी रस्ता कवा?"

"रस्त्याचं खातं निराळं," खात्याचा माणूस म्हणाला, आणि सभा हसली.

गटाचा म्होरक्या मेतूसालाक, म्हणजे मेतू, नाहोरचा चुलतभाऊ, हसला नाही. "वाटंत वाळून गेली तर? काट्यावर हाडं चढवायची का?"

तेव्हा भिंतीचा माणूस उठला. "पाठवून बगू," नाहोर म्हणाला. "मी जातो संगं."

त्या चार-पाच शब्दांवर गावानं घरटी एक खोंड काढला. मेतूनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं: गुरं भरल्या अंगानं उतरली तर दर खेपेला पाठवू. वाळून उतरली, तर व्यापाऱ्याच्या थापेला पुन्हा गोठा उघडा, आणि जहाजाचं नाव कुणी काढायचं नाही. निघायच्या वेळी खऱ्या पाद्रीसाहेबांनी काळ्या पाद्रीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. कुणी हसलं नाही, हे विशेष.

तेनाऊला जहाज लागलेलं होतं. नाहोर ट्रकवरून उतरला आणि जागीच उभा राहिला. पांढरंशुभ्र, ओएफातूच्या चर्चसारखी चार चर्चं एकावर एक रचली तरी पुरणार नाहीत इतकं उंच, भिंतीभर झरोके, आणि झरोक्याझरोक्यातून वारा आत ओढणारे पंखे. हे सगळं गुरांसाठी. कुठं तरी मोठ्या कचेरीत कोट घातलेली माणसं बसली असतील आणि खोंडाला गुदमरू नये म्हणून भिंतीला किती भोकं पाडावीत याचा विचार करत असतील, हे त्याच्या डोक्यात मावेना. जहाजाच्या पोटातून एक रुंद फळी धक्क्यावर उतरलेली होती. दोन्ही अंगांना कठडे, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या.

पाद्री फळीच्या पायथ्याशी थांबला. पट्टी हुंगली. मान वळवून एकदा नाहोरकडं बघितलं. आणि चढायला लागला. टप, टप, टप, आपल्या पायांनी, दिवाणखान्यात निघाल्यासारखा. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं सगळे. शिंगांना कुणाचा हात लागला नाही. नाहोरनं नकळत डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

"काय माउन, देऊळ लागलं काय?" शेजारून आवाज आला. माउन म्हणजे तिकडच्या बोलीत दादा. बोलणारा ब्लासियस बेरे, पार सरहद्दीकडच्या बेलूचा. त्याच्या गटाची गुरं त्याच जहाजातून निघालेली. "टोपी काहाडून कायले उभा रायला? आन् हे तुहे खोंड त पाळन्यातल्या पोरावानी दिसते. खुट्याले बांधून चारलेले. चालता येते का त्यायले?"

"येतंय की," नाहोर म्हणाला. "तुमच्यावानी काट्याकुट्यात भीक मागत हिंडत न्हाईत."

"हिंडते म्हून त कनखर हायेत ना बाप्पा."

जहाजात या दोघांच्या गुरांचे कप्पे समोरासमोर आले, मधे माणूसभर वाट. बेलूची गुरं अंगानं हडकुळी, पण डोळ्यांनी तरतरीत. त्यांचा म्होरक्या एक मोडक्या शिंगाचा, म्हातारा, तोंडावर मारामाऱ्यांचे व्रण.

पहिला दिवस सुखात गेला. नाहोरनं सुबाभळीचे भारे सोबत घेतले होते, त्यावर गुरं खूश. त्यानं स्वतः नळाची कळ दाबून बघितली. वाडगं भरलं. ओंजळभर पिऊन बघितलं, गोड. पुन्हा दाबलं, पुन्हा भरलं. जहाजभर असे नळ, कप्प्याकप्प्याला एक, आणि चहूबाजूंना बाई-समुद्र. दोर्कसला हे कसं सांगावं, याची तो मनात जुळवाजुळव करत बसला. सांगितलं तरी ती म्हणेल, येरमीच्या बापाला जहाज लागलं.

पाद्रीनं वाडगं हुंगलं आणि मान फिरवली. नवी नवरी लाजते तसं असेल, नाहोरला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाला संपला. आता सरकारी वैरण, वाळलेलं गवत. पाद्रीनं दोन काड्या चघळल्या आणि थुंकल्यासारख्या टाकून दिल्या. नाहोरनं खाली बघितलं. शेण गोळ्यागोळ्याचं, कोरडं. त्यानं पाद्रीच्या नाकाला हात लावला. नाक कायम ओलं असायचं, ते वहाणेच्या चामड्यासारखं लागलं. रवंथ थांबली होती. शेजारच्याचीही. त्याच्या शेजारच्याचीही. आणि त्यानं कळ दाबून भरून ठेवलेली सगळी वाडगी तशीच काठोकाठ, एकातही नाक बुडालेलं नाही.

तेव्हा नाहोरच्या ध्यानात आलं. या गुरांना पाणी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. जन्मभर त्यांनी पाणी चावून खाल्लं होतं. वाडग्यात जे थरथरत होतं, त्यात तोंड घालायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? आईनं सांगितलं नाही, कारण आईलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तो धावत मुदपाकखान्यात गेला. आचारी म्हणाला, "केळी आहेत, पाहिजे तेवढी घ्या. पण खोड? आम्ही काय इथं बाग लावलीय?"

समोरून ब्लासी बघत होता. नाहोरनं त्याच्याकडं पाठ केली, आणि वाडग्यांतलं पाणी थोडं थोडं हातानं सांडून टाकलं, पिऊन झाल्यासारखं दिसावं म्हणून. पाळण्यातली पोरं म्हणाला होता ना तो. त्याला आता हे कळायला नको होतं.

कळलं ते जहाजावरच्या गुरांच्या डॉक्टरला. वेनिंग तिचं नाव, जावातली, उंच रबरी बूट घालून सगळ्या मजल्यांवरून हिंडायची. पुरुषाला पाक, बाईला इबू, ही तिकडची मानाची हाक.

"पाक नाहोर, तुमच्या रांगेत पाणी पितंय का कुणी?"

"पित्यात की, इबू डॉक्टर."

तिनं पाद्रीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तंबूसारखी उभीच राहिली. तिनं नाहोरकडं बघितलं. नाहोरनं जमिनीकडं बघितलं, आणि मग सगळं सांगितलं. केळ, विहीर, घागरी, सगळं.

ती हसली नाही. उपड्या बादलीवर बसली. "आमच्याकडे असं कुणी सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाली. मग दोघांनी मिळून खटपट केली. पाण्यात मीठ घालून बघितलं. गवत भिजवून बघितलं. बाटलीनं घशात ओतायला गेले, तर पाद्री असा ठसकला की डॉक्टर घाबरली. पाणी छातीत गेलं तर संपलंच.

"सलाईन आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण चार-पाच जनावरांपुरतं. बाकीची उद्यापर्यंत उभी राहतील. मग एखादं बसेल. आणि जहाजात बसलेलं जनावर शेजारच्यांच्या पायाखाली जातं, पाक."

नाहोर पाद्रीच्या कप्प्यापाशी बसून राहिला. त्याचा स्वतःचा खोंड तर होताच, पण घराघरातला एकेक खोंड या रांगेत उभा होता, त्याच्या शब्दावर चालत आलेला.

सकाळी एक नवल झालं. सगळ्या गुरांचे कान एकाच वेळी डावीकडं वळले. त्याच्या गुरांचे, बेलूच्यांचे, वरच्या मजल्यावरच्यांचेही; आणि शेकडो माना एका दिशेला स्थिर. नाहोरनं झरोक्यातून बघितलं. पाणी, दुसरं काही नाही. तो बघत राहिला. न्याहारी झाली, शेण ओढून झालं, आणि मग तिकडं धूसर काही दिसायला लागलं, वर वर चढत गेलं, आणि समुद्रातून एक अख्खा डोंगर उभा राहिला, डोक्यावर धुराचा तुरा घेऊन. जमीन. माणसाच्या डोळ्याच्या कितीतरी आधी ती गुरांच्या नाकात आली होती. समुद्राच्या कडेपलीकडचा डोंगर ज्यांना कळतो, त्यांना नाकासमोरचं पाणी कळू नये?

आणि तेवढ्यात समोरच्या कप्प्यात मोडक्या शिंगाचा म्हातारा पाणी प्यायला लागला. सुर्रर्र, सुर्रर्र, घोट घशातून उतरताना दिसेल असा. पाद्रीचे कान डोंगरावरून सुटले आणि त्या आवाजावर आले. तिथंच राहिले. शेजारच्याचे कानही.

नाहोर उठला आणि आपल्या पडशीतून पानाचा डबा काढला. तिमोरात कुणाकडं काही मागायचं तर रिकाम्या तोंडानं मागत नाहीत. शब्द डब्यात ठेवतात, सुपारी, नागवेलीची शेंग आणि चुना यांच्या शेजारी, आणि डबा पुढं करतात. समोरच्यानं सुपारी उचलली तर शब्द त्याच्यापर्यंत पोचला. नाही उचलली तर मागणारा मुकाट उठतो. त्यानं डबा दोन्ही हातांनी धरून ब्लासीपुढं केला.

ब्लासीनं डब्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "लय जड दिसते डबा."

"जड हाय."

"म्या कालच पाह्यलं. तू पानी सांडून रायलता, चोरावानी. म्हटलं माउनले लाज वाटून रायली, आपन कायले बोला."

नाहोरचे हात तसेच पुढं.

"काय पायजे?"

"तुजा मोडक्या शिंगाचा. माज्या कप्प्यात. माजी त्याचं बगून पितील."

ब्लासीनं हात डब्याकडं नेला आणि मधेच थांबवला. "आधी एक गोष्ट म्हन. बेलूची गुरं शहानी हायेत म्हन."

"शहानी हायेत."

"आस्ते कायले बोलतं? तिकडं वर खलाशी हायेत ना, त्यायले आयकू येऊ दे."

नाहोरनं वर खलाशांकडं बघितलं. मागच्या बाकावरचा माणूस तो. मग छाती भरून ओरडला, "बेलूची गुरं अमारासीपेक्षा शहानी हायेत!" वरच्या मजल्यावरून कुणी तरी शिट्टी मारली. ब्लासीनं सुपारी उचलली, शेंगेचा तुकडा मोडला, चुन्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

"न म्हनता बी देल्ला असता," चावता चावता तो म्हणाला. "पन मजा आली ना बाप्पा."

चालत्या जहाजात कप्पे उघडायची मनाई होती. डॉक्टर वेनिंग वर जाऊन कप्तानाशी बोलून आली. डोंगराच्या आडोशाला समुद्र पाटासारखा झाला की तेवढ्या वेळात करा, तो म्हणाला. आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या डोक्यानं घातली: मोडक्या शिंगाच्या म्हाताऱ्याचं पाणी तोवर बंद ठेवलं. "तहानलेला असला की आवाज करून पिईल," ती म्हणाली. ब्लासी कुरकुरला, पण ऐकलं.

आडोसा आला. एकानं दावं धरलं, एकानं फळी ओढली, आणि म्हातारा वाट ओलांडून पाद्रीच्या कप्प्यात शिरला. आत शिरताच त्यानं पाद्रीला खांद्यानं बाजूला सारलं, व्याही आल्यासारखा, आणि नाक घालून कळ दाबली. पाणी आलं. तो प्याला. असा प्याला की कप्प्याच्या लोखंडात आवाज घुमला. वाडगं भरायचं, रिकामं व्हायचं, भरायचं. त्याच्या ओठांवरून, हनुवटीच्या केसांवरून पाण्याच्या धारा गळत होत्या.

पाद्री बघत होता. मग त्यानं मान पुढं केली आणि म्हाताऱ्याची ओली हनुवटी चाटली. एकदा. थांबला. जिभेवर आलेल्या गोष्टीचा विचार करावा तसा थांबला. पुन्हा चाटली. म्हाताऱ्यानं चाटू दिलं. मग पाद्रीनं नाक वाडग्यात घातलं, फार खोल घातलं, फुर्र केलं, पाण्याचा फवारा नाहोरच्या तोंडावर आला. माघार घेतली. पुन्हा नाक. या वेळी ओठ. आणि त्याच्या गळ्याखालून पहिला घोट उतरताना नाहोरला दिसला. केळीच्या चकतीतून निघणारा घोट नव्हता तो, अखंड पाण्याचा होता, मुठीएवढा, मानेच्या कातडीखालून सरकत गेलेला.



शेजारच्या कप्प्यातला गजांमधून मान घालून पाद्रीचं तोंड हुंगत होता. त्यानंही चाटलं. वळला आणि आपल्या वाडग्यात नाक घातलं. मग पलीकडचा. सांगावा घरोघर जावा तसं ते रांगेतून पुढं सरकत गेलं. इकडं सुर्र झालं की तिकडं कान उभे, तिकडं सुर्र झालं की आणखी पुढं. काही कप्प्यांत ते चटकन गेलं, एका जागी अडकून बसलं, तिथला एक तांबडा खोंड नुसताच फुरफुरत राहिला, आणि मग अचानक त्याच्या पलीकडच्यानं सुरुवात केली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. जहाजाच्या त्या लांब पोटात थोड्या वेळानं पाण्याचा एकच आवाज भरला, ओढ्याला पाणी यावं तसा. नाहोर आयुष्यभर गुरांना खाऊ घालत आला होता आणि त्याला वाटत होतं गुरं आपल्या हातून शिकतात. आता त्याला वाकून कुणाला तरी नमस्कार करावासा वाटत होता, पण नेमका कुणाला ते कळेना.

ब्लासीचं चावणं थांबलं होतं. लाल रस ओठाच्या कोपऱ्यातून ओघळत होता, तो पुसायचं त्याला सुचलं नाही. "आईशप्पत," एवढंच तो म्हणाला, हळू. डॉक्टर वेनिंग बूट घातलेल्या पायांवर उकिडवी बसून गजाला कपाळ टेकवून बघत होती.

तांबडा खोंड शेवटपर्यंत शिकला नाही. त्याला सलाईन लागलं.

जाकार्ताच्या प्रियोक बंदरात सकाळी फळी उतरली. बाहेर लोखंडाच्या क्रेनांचं रान आणि त्याच्यामागं शहर, जिथवर नजर जाईल तिथवर घरं, घरांवर घरं, आणि प्रत्येक घरात आज दुपारी कुणी ना कुणी जेवायला बसणार. ओएफातूतल्या उतारावरचा पाला, आपण टोल्याटोल्यानं पाडलेला, तो पायांवर उभा राहून, समुद्र ओलांडून इथवर चालत आला, या विचारानं नाहोरला क्षणभर भोवळ आली. पाद्री फळीवरून उतरला. बाकीचे उतरले. तांबडा उतरला, लटपटत, पण उतरला. घेणाऱ्याच्या माणसानं काट्यावर एकेकाला घेतलं, मान हलवली, पुन्हा एकदा काटा बघितला. "वाटेत फारसं घटलं नाही," तो म्हणाला. "तिमोरची गुरं अशी भरलेली उतरत नाहीत."

पाद्री कुंपणाच्या दारातून आत गेला. मागं बघितलं नाही त्यानं. तिथून त्याची वाट कुठं जाते ते नाहोरला ठाऊक होतं. भरलेल्या प्रत्येक खोंडाची तीच वाट असते. दारात तो जरा वेळ उभा राहिला.

मग मेतूचा फोन आला.

"उतरली?"

"उतरली."

"वाळली?"

"एक वाळला. तांबडा. बाकी भरलेली हायत."

पलीकडं मेतूच्या मागं माणसांचा कालवा ऐकू आला. "हितं समदी जमल्यात," मेतू म्हणाला. "इचारत्यात, पुढच्या खेपंला कुनाकुनाचा खोंड घ्यायचा. नाव सांगायला रांग लागलीया, मर्दा. तू सांग काय ते."

"सांगतो. आन दोर्कसला सांग, पुढच्या खेपेच्या खोंडांस्नी आतापासनं पानी दावायचं. रोज वाडगंभर."

"वाडगंभर? कोन आननार वर?"

"मी आलो की मीच आनतो," नाहोर म्हणाला.

"ओ माउन," जहाजाच्या पोटातून ब्लासी ओरडला. "बोलनं झालं असन त ये. ह्या शेनात अमारासीचा वाटा बी हाय."

नाहोरनं फोन खिशात टाकला, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले, फळी चढून आत गेला, आणि कोपऱ्यातलं फावडं उचलून पहिल्या कप्प्यापासून शेण ओढायला लागला.